सहा मिनिटं चाळीस सेकंद

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी स्टोअरकीपर नाही. सेफ्टी ऑफिसर. अकरा वर्षं खिळे, हातमोजे आणि सिमेंटच्या गोण्या मोजल्या, आता माणसं मोजायची. कोर्सला जे मास्तर होते ते म्हणायचे, सेफ्टीवाल्यानं रोज चार ओळी स्वतःसाठी लिहाव्यात, पुढे कामाला येतात. म्हणून ही वही.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून स्वतः चहा ओतून दिला. म्हणाले, "आधीचा माणूस फार शिकलेला होता हो. मला शिकलेला नको, समजूतदार पाहिजे." मला फार बरं वाटलं. आधीचे सेफ्टी ऑफिसर घरगुती कारणामुळं सोडून गेले म्हणे. त्यांच्या ड्रॉवरमध्ये आग-सरावाचे तीन फॉर्म सापडले. तिन्ही पूर्ण टाइप केलेले, फक्त सही नाही. कामात एवढा ढिला माणूस इतके महिने टिकला कसा, देव जाणे.

हिला सांगितलं तर म्हणाली, "आता तरी ओरडायला शिका. तुमचा आवाज स्टोअरच्या खिडकीबाहेरही जात नव्हता."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस नुसता चढतोय आणि उतरतोय. इमारत चौदा मजल्यांची, अकरापर्यंत सांगाडा उभा आहे. जिने दोन, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. पूर्वेचा मोकळा. पश्चिमेच्या जिन्यात सातव्या मजल्यावर टाइल्सची खोकी छातीपर्यंत रचून ठेवलीत. लाल सिलिंडर सोळा, त्यातल्या पाचांची मुदत संपलेली. भोंगा एकच, तोही खाली गेटजवळ, हाताने फिरवायचा. आग विझवायचा उभा पाइप आहे, पाण्याला मात्र अजून जोडलेला नाही.

सगळं स्वच्छ अक्षरात लिहून साहेबांना दिलं. ते वाचून म्हणाले, "छान लिहिलंय." कागद ड्रॉवरमध्ये गेला.

माणसांनी माझं नाव ठेवलंय, 'सेफ्टी पिन'. मला वाटलं होतं, मला कळणार नाही अशा बेताने म्हणतील. कसलं काय! बाहेरच्या मालाच्या लिफ्टवर एक मावशी आहे, पन्नाशीची, तोंडाची फटकळ. तिनं तोंडावरच विचारलं, "काय पिन, टोचणार की नुसतं मिरवणार?"

१९ फेब्रुवारी, बुधवार

उद्या आग-सराव. एकशे बारा माणसं. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून पूर्वेच्या जिन्यानं खाली यायचं, गेटबाहेरच्या झाडाखाली जमायचं, मी हजेरीवरून नावं घेणार. मजल्यामजल्यावर जाऊन सांगून आलो. आठव्यावर गिलावा करणारा एक गवंडी आहे. काटकुळा, उंच, सरळ उभा राहतो म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणतात. तो कामाला नवीन आहे, आठच दिवस झालेत. त्यानं नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "साहेब, पूर्व कुठली? मी आत आलो की मला दिशा कळत नाही. सगळ्या भिंती सारख्याच."

मी म्हटलं, "उद्या दाखवतो."

२० फेब्रुवारी, गुरुवार

सराव झाला नाही. बाराव्या मजल्याचा स्लॅब आजच टाकायचा ठरला. काँक्रीटच्या गाड्या सकाळी सातलाच रांगेत उभ्या. मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "काँक्रीट कुणासाठी थांबतं का? पुढच्या आठवड्यात करू. पण फॉर्म आज वर पाठवायचाय, तेवढा भरून ठेवा."

मी भरला. आणि कबूल करायचं तर भरताना डोकं लावलं. 'लागलेला वेळ' या रकान्यात आधी सहा मिनिटं लिहिणार होतो. मग वाटलं, पूर्ण आकडा खोटा दिसतो. म्हणून सहा मिनिटं चाळीस सेकंद. 'सहभागी कामगार' एकशे बारा नाही, एकशे नऊ लिहिले, तीन गैरहजर. वाचून साहेब हसले, पाठीवर थाप मारली. "बघा, म्हणून मला समजूतदार माणूस पाहिजे होता."

जाताना मावशीनं विचारलं, "काय हो, ती पळापळी कधी?" म्हटलं, "पुढच्या आठवड्यात." ती म्हणाली, "आगीला सांगून ठेवा तेवढं."

१४ मार्च, शुक्रवार

मंगळवारी आग लागली. तीन दिवस वही उघडली नाही. आज लिहितो. जसं झालं तसं लिहितो.

दुपारचे अडीच वाजले असतील. नवव्या मजल्यावर गॅस कटरनं लोखंड कापत होते. ठिणग्या पश्चिमेच्या जिन्याशेजारच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, खाली गेल्या. पाचव्यावर, डक्टच्या तोंडाशी, फोमच्या गुंडाळ्या ठेवलेल्या. त्या तिथे आहेत हे मला ठाऊक होतं. माझ्या त्या स्वच्छ अक्षरातल्या कागदावर बारावा मुद्दा तोच होता.

मी आठव्यावर होतो. आधी वास आला, मग डक्टमधून धूर असा आला, जणू कुणी काळं पोतं उलटं केलंय. दोन मिनिटांत बोगदा भरला. बोगदा म्हणजे मधला लांब पॅसेज, त्याच्या एका टोकाला पूर्वेचा जिना, दुसऱ्या टोकाला पश्चिमेचा. मला जिना माहीत होता. मी डावा हात भिंतीला लावला आणि निघालो. चालत नाही, पळत.

मागून आवाज आला. "कोण आहे पुढं? जिना कुठं?"

मी आवाज ओळखला. ओळंबा.

मला फक्त "इकडे" म्हणायचं होतं. तोंडात धूर होता, हे खरं. पण खरं कारण ते नव्हे. मला वाटलं, बोलायला थांबलो तर तो माझा हात धरेल. माझा हात कुणी धरू नये असं त्या क्षणी मला वाटलं. त्यानं पुन्हा विचारलं, जरा जवळून. मी पाय जपून टाकायला लागलो, आवाज होऊ नये म्हणून. मग जिना सापडला आणि मी आठ मजले उतरलो.

खाली आलो तेव्हा माझ्याआधी फक्त गेटवरचा वॉचमन होता. मी हिला फोन केला, "मी खाली आहे, बरा आहे." मग माणसं भराभर यायला लागली. हजेरीपट केबिनमध्ये राहिला होता. काहीतरी करायला पाहिजे म्हणून मी भोंग्याचं हँडल धरलं आणि फिरवत राहिलो. निम्मी माणसं तोपर्यंत खाली होती. बरीचशी हातात मोबाइल धरून माझा फोटो काढत होती.

वरच्या मजल्यांवरची माणसं मावशीनं आणली. आगीत लिफ्ट वापरायची नसते, असं मीच सांगत फिरलो होतो. ती इमारतीच्या बाहेरून जाणारी, धुराच्या उलट बाजूची. तिनं दोन फेऱ्या केल्या. दहाव्या-अकराव्यावरचे चौदा जण त्या पिंजऱ्यात भरून खाली आणले.

अग्निशमन दल आलं. त्यांच्या प्रमुखानं मला विचारलं, "वर कोणी राहिलंय का?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

मावशी मागून ओरडली, "का नाही सांगता येत? ओळंबा दिसत नाही. आठव्यावर होता."

तो पश्चिमेच्या जिन्यानं सातव्यापर्यंत आला होता. पुढे टाइल्सची भिंत. डक्टवरचं प्लास्टिक जळून त्या खोक्यांवर पडत होतं, ते हातांनी बाजूला सारत त्यानं वरची खोकी पाडली, फटीतून सरपटला आणि सहाव्याच्या बाल्कनीत येऊन पडला. तिथून शिडीनं उतरवला. जिवंत आहे. दोन्ही हात गेलेत, म्हणजे आहेत, पण भाजलेत. गिलावा करणाऱ्याचे हात.

१५ मार्च, शनिवार

पेपरात माझा फोटो. भोंगा फिरवताना. खाली लिहिलंय, 'शेवटचा कामगार खाली येईपर्यंत भोंगा सोडला नाही.' लेकीनं कॉलेजात सगळ्यांना पाठवला. संध्याकाळी येऊन गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.

हिनं फोटो पाहिला. शेजारीण विचारायला आली तर म्हणाली, "आहे हो, आत कुठेतरी असेल पेपर." पेपर तिच्या शिवणाच्या मशीनवरच होता. दमली असेल बिचारी.

१८ मार्च, मंगळवार

साहेबांनी प्रशस्तिपत्र दिलं, चौकटीत घालून. सगळ्या माणसांना बोलावलं होतं. टाळ्या झाल्या. मावशी लिफ्टजवळच उभी राहिली. ओढणीनं हात पुसत राहिली, टाळी वाजवली नाही. तिलाही द्यायला हवं होतं, असं मी साहेबांना म्हणालो. ते म्हणाले, "तिनं नियम मोडला ना. उलट आपण तिच्यावर काही कारवाई करत नाही, हेच खूप समजा."

मग केबिनमध्ये जबाबाचा कागद पुढे केला. चौकशी होणार आहे, त्याआधी आपलं सगळ्यांचं म्हणणं एक पाहिजे, म्हणाले. मी वाचला. 'दि. २० फेब्रुवारी रोजी यशस्वी सराव घेण्यात आला होता. संबंधित कामगाराने सरावात दाखवलेला मार्ग सोडून स्वतःच्या जबाबदारीवर बंद जिन्याचा वापर केला.'

संबंधित कामगार म्हणजे ओळंबा.

"हे त्याच्यावर जातंय, साहेब."

"त्याच्यावर काही जात नाही हो, नुसता कागद आहे. मी तुमच्यासाठी करतोय हे. तुमची सही आहे त्या फॉर्मवर, माझी नाही."

एवढ्या गडबडीत त्यांना माझी काळजी. मी सही केली.

२३ मार्च, रविवार

हॉस्पिटलमध्ये गेलो. कंपनीतर्फे कुणीतरी जायला हवं होतं, साहेब म्हणाले तुम्हीच जा, तुमचा फोटो आलाय.

ओळंबा उशीला टेकून बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, पोटावर ठेवलेले, जणू कुणा दुसऱ्याचं सामान सांभाळतोय. आवाज बसलाय. त्याची बायको लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करते, ती त्याला चमच्यानं पेज भरवत होती. मला बघून उठली, खुर्ची पुसून दिली. "तुम्ही भोंगा वाजवलात म्हणून आमचं माणूस दिसलं."

ओळंब्यानं तिला खुणेनं थांबवलं. त्याला माझ्याशी बोलायचं होतं.

"साहेब, एक विचारायचं होतं. कुणाला विचारू कळत नव्हतं. त्या दिवशी धुरात माझ्या पुढे कुणीतरी होतं. बुटांचा आवाज येत होता. मी दोनदा हाक मारली. बोलला नाही. मग आवाजच बंद झाला."

त्यानं हात पोटावर जरा सरकवले.

"पडला असेल का हो? गुदमरला असेल. मी पुढे हात घालून चाचपलंसुद्धा, पण सापडला नाही. मग माझीच दिशा चुकली. इथं सगळ्यांना विचारतो, सगळे म्हणतात कुणी मेलं नाही. पण मला खोटं सांगत असतील. तुमच्याकडे यादी असेल. तो माणूस वाचला का?"

"वाचला," मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. "बरं झालं. माझ्या जिवाला तेच लागून राहिलं होतं."

त्याच्या बायकोनं माझ्यासाठी चहा आणला होता. मी तो उभ्यानंच प्यायलो. गरम होता. जीभ भाजली.

२६ मार्च, बुधवार

जेवण जात नाही. हिनं ताट उचललं, घासून ठेवलं, मग माझ्यासमोर येऊन बसली.

"मला सांगायचं नसेल तर नका सांगू. पण मला काही कळत नाही असं समजू नका. तुम्ही फोन केलात तेव्हा मागे माणसं 'पळा, पळा' ओरडत होती. म्हणजे सगळी वर होती आणि तुम्ही खाली होतात."

पंधरा दिवस तिला माहीत होतं. पंधरा दिवस मी या घरात दमलेल्या शूराचं सोंग करत होतो आणि ती पडदा पडायची वाट बघत होती.

मी तिला सगळं सांगितलं. पाय जपून टाकल्याचंसुद्धा. ती रडली नाही, रागावलीही नाही. फक्त म्हणाली, "त्याला 'वाचला' म्हणालात? अहो, त्याच्यापेक्षा शिवी घालायचीत."

२ एप्रिल, बुधवार

चौकशी. अधिकारी बाई साठीला टेकलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात. माझ्याआधी साहेबांचं झालं होतं. ते बाहेर येताना माझ्याकडे बघून हलकेच मान हलवून गेले.

बाईंनी सरावाचा फॉर्म समोर ठेवला. बराच वेळ बघत राहिल्या.

"सहा मिनिटं चाळीस सेकंद. घड्याळ कुणी लावलं होतं?"

साधा प्रश्न. 'मी लावलं' म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, तोही निभावला असता. मी तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण डोळ्यांपुढे तो बसला होता, पोटावर ते दोन पांढरे हात घेऊन, आणि मला विचारत होता, पूर्व कुठली.

"कुणीच नाही," मी म्हणालो. "सराव झालाच नाही. हा आकडा मी बसून बनवला."

बाईंनी चष्मा काढला. "चाळीस सेकंद कशाला?"

"खरं वाटावं म्हणून."

त्यांच्या शेजारचा कारकून लिहायचा थांबला. बाई म्हणाल्या, "लिहा ना. थांबलात कशाला?"

मग मी बाकीचं सांगितलं. खोकी, पाइप, मुदत संपलेली सिलिंडरं, ड्रॉवरमध्ये गेलेला कागद, जबाबावरची सही. ओळंब्याला कुठलाच मार्ग कधी कुणी दाखवला नव्हता, हे दोनदा सांगितलं. बाईंनी शेवटी विचारलं, "आग लागली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"आठव्यावर. उतरलो," मी म्हणालो.

त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. मी तेवढंच सांगितलं. लोक म्हणतील, पिननं हिंमत केली. अर्धीच केली. ज्यात कंपनी माझ्याबरोबर बुडते तेवढं सांगितलं, ज्यात मी एकटाच बुडतो ते गिळलं.

४ एप्रिल, शुक्रवार

नोकरी गेली. साहेबांनी भेटायलाही बोलावलं नाही. गेटवर वॉचमननं हेल्मेट मागून घेतलं, नजर चुकवत. आता लक्षात येतंय, आधीच्या त्या माणसाचं घरगुती कारण काय होतं. ते तीन फॉर्म त्यानं सही न करता ठेवले होते. मी त्याला ढिला म्हणालो होतो.

मावशी लिफ्ट थांबवून खाली आली. मला वाटलं, काहीतरी बरं बोलेल.

"सांगितलंत म्हणे."

"हो."

"सगळं?"

ती थांबली. मी जमिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "मी वरून बघत होते त्या दिवशी. सगळ्यांत आधी तुमचं हेल्मेट बाहेर पडलं. पांढरं हेल्मेट एकच आहे साइटवर." आणि ती परत वर गेली.

११ मे, रविवार

ओळंबा घरी आलाय हे कळून आठ दिवस झाले. आज गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दाराबाहेर चपलांचे दोन जोड. पट्ट्या निघाल्यात. बोटं गुलाबी, चकचकीत, आत वळलेली.

बायको चहा ठेवायला निघाली, मी म्हटलं नको, आधी ऐकून घ्या. आणि उभ्या उभ्या सांगितलं. "तुमच्या पुढे जो होता तो मीच. मी तुमचा आवाज ओळखला होता. मुद्दाम बोललो नाही."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

ओळंबा म्हणाला, "धुरानं आवाज निघाला नसेल."

"निघाला असता."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मी त्या माणसाला शोधत भिंत सोडली होती. हात लावून चाललो होतो, ती भिंत. वाटलं, पडला असेल तर उचलू. तिथून मी चुकलो."

हॉस्पिटलमध्ये तो चाचपल्याचं म्हणाला होता, भिंत सोडल्याचं मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, मी त्याला वाचवलं नाही. तो मला वाचवायला वळला आणि जळला.

त्यानं तोंड भिंतीकडे केलं. बायकोनं दार उघडून धरलं. मी जिना उतरलो तेव्हा वरून काही आवाज आला नाही.

१५ मे, गुरुवार

पुन्हा गेलो. का गेलो ते लिहिता येत नाही. माफी मागायला नाही. ती मागणं म्हणजे त्याच्याकडून आणखी एक काम करून घेणं.

दार बायकोनं उघडलं. कामावर निघाली होती, पिशवी खांद्याला. मला आत घेईना, जाऊही देईना. शेवटी म्हणाली, "तुम्हाला आता काम नाही ना? यांची बोटं दिवसातून तीनदा वाकवायची असतात. डॉक्टरांनी सांगितलंय. सकाळी, संध्याकाळी मी करते. दुपारचं राहतं." मग आवाज खाली आणून, "मला तुमचं तोंड बघायची इच्छा नाही. पण दुपारचं राहतं."

तिनं तेलाची बाटली दाखवली, कसं धरायचं ते माझ्याच बोटावर करून दाखवलं. एकेक सांधा, सावकाश, दुखेपर्यंत आणि त्याच्या जरासं पुढे.

६ जून, शुक्रवार

तीन आठवडे झाले. रोज दोन वाजता जातो. तो बोलत नाही. मी आलो की खिडकीकडे तोंड करून हात पुढे करतो, जसा दुकानात पावतीसाठी करतात. मी तेल लावतो, अंगठ्यापासून सुरुवात करतो. दुखलं की त्याचा श्वास अडकतो, मान ताठ होते. उजव्या हाताची तीन बोटं आता तळव्याला टेकतात. डाव्याची करंगळी काही केल्या हलत नाही, डॉक्टर म्हणतात ती तशीच राहील. थापी धरता येईल का, याला कुणी हो म्हणत नाही, कुणी नाही म्हणत नाही.

कंपनीवर खटला चालू झालाय, त्यात मीही आहे. त्याच्यावरचा ठपका काढून टाकला. हे त्याला सांगितलं तर त्यानं मान हलवली, खिडकीकडेच बघत.

लेकीनं फोटोबद्दल बोलणं सोडून दिलंय. तिला तिच्या आईनं सांगितलं. ती माझ्याशी नीट बोलते, पाहुण्याशी बोलतात तसं.

आज निघताना त्याची बायको लवकर घरी आली होती. मी चपला घालत होतो. ती मागून म्हणाली, "उद्या येऊ नका."

मी वाकलेलाच राहिलो. कारण विचारायचा मला हक्क नव्हता. बरं, म्हणालो.

"उद्या माझी सुट्टी आहे," ती म्हणाली. "मी करते. परवा या."